लान्स नायक सुखराम आणि मागचा डिफरेन्शियल

फौजेतली शेवटची तीन वर्षं मला घराजवळ मिळाली. त्याआधी एकवीस वर्षं बर्फ, वाळू आणि जंगल झालं, आणि मग पोस्टिंग ऑर्डर आली ती वर्धा जिल्ह्यातलीच. नाचणगावच्या आमच्या घरापासून युनिटचं गेट सायकलने पंचवीस मिनिटं. गावातले लोक चिडवायचे, ढोले आता फौजी नाही राहिले, ऑफिसले जाते. बायको वेगळंच म्हणायची. "बर्फात होते तवा दर रविवारी फोन तरी येत होता. आता तं तोही नाई." तिचं खरं होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. गाडी उघडून ठेवलेली असली की मला घर आठवत नसे.

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला पीटी, साडेसातला फॉल-इन, आठला वर्कशॉप. दुपारी एकला जेवण. भाऊ भाजीचा मळा करतो. तो आठवड्यातून एकदा सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी गेटवर ठेवून जायचा आणि लंगरवाला खुश व्हायचा. वर्कशॉपमध्ये मला सगळे 'उस्ताद' म्हणत. हा मान खरं तर वयाने मिळतो, पण मला तो अकलेने मिळाला असं वाटायचं. पुढे काय झालं ते कळायला हे आधी सांगणं भाग आहे.

युनिटच्या गाड्यांना पावसाळ्यात एकच दुखणं होतं, ते म्हणजे काळी माती. ज्याने ती श्रावणात तुडवली नाही त्याला नुसतं सांगून कळत नाही. चपलेला चिकटते, टायरला चिकटते, फेंडरच्या आत भरते आणि चाक जागीच गरगरतं. आमची रुग्णवाहिका जीप चारही चाकांनी ओढणारी होती, तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की ती उभीच. मग ट्रक बोलवा, दोर लावा, ओढा.

आता त्या डिफरेन्शियलबद्दल थोडं सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गोल डबा दिसतो, तो हा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणं हे त्या डब्याचं काम. साध्या डब्याला एक खोड असते. एक चाक घसरू लागलं की इंजिनची मेहनत त्याच्यावरच वाया जाते आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. दोन पोरांत जो जास्त रडतो त्याच्याच ताटात आईने सगळं वाढावं, तसं. 'लिमिटेड स्लिप' डब्यात आत प्लेटांची थप्पी असते. एक चाक फार पळायला लागलं की प्लेटा एकमेकींना धरतात आणि जोराचा वाटा दुसऱ्या चाकालाही मिळतो. अडकलेली गाडी निघते.

असा एक डबा बसवून पाहावा अशी मी कॅप्टन साहेबांकडे लेखी मागणी केली. सहा महिन्यांनी वरून परवानगी आली. एकच गाडी, ट्रायल म्हणून, आणि शेवटी हवालदार ढोले याने रिपोर्ट द्यावा. मला आभाळ ठेंगणं झालं.

तीन दिवस काम चाललं. तेल काढलं, दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढले, बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण केली, कारण त्यांची अदलाबदल झाली तर सगळं मुसळ केरात. जुन्या डब्यावरचा मोठा दातेरी गिअर उतरवून नव्यावर चढवला. दातांना निळी पेस्ट लावून फिरवून पाहिलं. पहिल्यांदा ठसा दाताच्या टोकाकडे उमटला. शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदलली. चौथ्या वेळी ठसा बरोबर मध्ये आला. मग तेल भरलं, प्लेटांचं वेगळं औषध त्यात घातलं, आणि ग्राउंडवर हळूहळू इंग्रजी आठचे आकडे काढून प्लेटा बसू दिल्या.

ही जीप नायक प्रल्हाद कुंभारे चालवायचा. देवळी तालुक्यातला, माझ्याच बोलीचा माणूस. ग्राउंडच्या कोपऱ्यात पाणी सोडून मी गारा करवला आणि जीप मुद्दाम त्यात उभी केली. प्रल्हादने क्लच सोडला. एक चाक गरगरलं, मग आतून घुर्र आवाज आला, आणि जीप चालत बाहेर आली.

"उस्ताद," तो म्हणाला, "हे तं म्हशीवानी निंगाली गाऱ्यातून."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही जीप ग्राउंडच्या कडेच्या पाळीवर आडवी चालवली. पाळ एका बाजूला उतरती, वर ओलं गवत. प्रल्हादने जरा जोर दिला आणि जीपचं बूड दोन फूट खाली सरकलं. त्याने लगेच पाय काढला. गाडी थांबली. तो उतरून मागे आला आणि चाकांकडे बघत राहिला.

"हे सरकते, उस्ताद. जुनी सरकत नोती."

मला कारण माहीत होतं. साध्या डब्यात एक चाक फुकट फिरतं, पण दुसरं उभं असतं आणि तेच खुंट्यासारखं गाडीला उतारावर धरून ठेवतं. नव्या डब्यात दोन्ही चाकं एकदम फिरतात, म्हणजे धरणारं कोणीच उरत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. पाय काढायचा, गाडी उभी राहू द्यायची, मग वाट बदलायची. मी हे प्रल्हादला तीनदा सांगितलं, त्याच्याकडून पाच वेळा करून घेतलं आणि माझ्या वहीत रिपोर्टसाठी लिहून ठेवलं. हे मी मुद्दाम नोंदवतो. मला माहीत नव्हतं असं कोणी समजू नये.

पोळा आला. विदर्भातल्या जवानाला पोळ्याला घरी जायचं असतं. दिवाळी चुकली तरी चालेल. प्रल्हादच्या घरी बैलजोडी होती. मी स्वतः शिफारस केली आणि त्याला दोन दिवसांची रजा मिळाली. जीप लान्स नायक सुखरामकडे आली.

सुखराम हिमाचलचा. वय सव्वीस, अंगाने बारीक, मनगटं मात्र लोहारासारखी. त्याच्याइतका चांगला घाटातला ड्रायव्हर मी पाहिला नाही. काळी माती त्याला नवीन होती. आल्या दिवशीच बूट उचलून म्हणाला होता, "उस्ताद, यह मिट्टी है या गोंद?" माझ्या घरची सांभारवडी त्याला फार आवडायची. बायको डबा देताना म्हणायची, त्या पहाडी पोराले पह्यले देजा, तुमी मंग खाजा.

तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. पोळ्याच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर आली. तहसीलमधून मदत मागितली होती. नाल्यापलीकडच्या एका गावाला पाण्याने वेढलं होतं, लोकांना बाहेर काढायचं होतं. एक ट्रक, एक जीप, चौदा माणसं, कॅप्टन साहेब कमांडर. साडेनऊला गाड्या रांगेत लागल्या. नियमाप्रमाणे मी सुखरामला जीप समजावून द्यायला गेलो. माझ्याकडे चार मिनिटं होती.

मी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात सुभेदार साहेब येऊन उभे राहिले. त्यांना माझी ही ट्रायल पहिल्यापासून पटली नव्हती. जुनं तेच बरं, असं त्यांचं मत. ट्रकचा ड्रायव्हर आणि आणखी तिघं ऐकत होते.

"क्यों ढोले, चलेगा तेरा नया डिफरेन्शियल?"

"साब, कहीं नहीं अटकेगी."

"पक्का?"

"पक्का, साब." मग मी सुखरामकडे वळलो. "सुन लिया? कीचड़ में रुकना नहीं. बस चलाते रहना. निकल जाएगी."

"जी, उस्ताद."

बस, एवढंच. आडव्या उताराचं मी बोललो नाही. ते बोललो असतो तर सुभेदार साहेब हसले असते, म्हणाले असते, म्हणजे खोट आहेच. त्यांच्यासमोर आणि चार पोरांसमोर मला माझ्या कामाची खोट सांगायची नव्हती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. नऊ पन्नासला आम्ही गेटबाहेर पडलो. सुभेदार साहेब ट्रकमध्ये, मी जीपमध्ये मागे बसलो.

सव्वाअकराला डांबरी रस्ता संपला. पुढे पाणी. दोरावर आणि ट्यूबवर लोकांना अलीकडे आणायचं काम सुरू झालं. बारा वाजून पाच मिनिटांनी शेतातून एक माणूस गुडघ्यापर्यंत माखलेला, धावत आला. त्याचं नाव रामदास. सरळ कॅप्टन साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, पान लागलं. माह्या बायकोले पान लागलं."

कॅप्टन साहेब दक्षिणेकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला तर पान लागलं म्हणतात. मी साहेबांना सांगितलं आणि रामदासला विचारलं, "कोनतं व्हय? पाह्यलं का?"

"घोनस व्हय, साहेब. दाराले लावाले पयसाच्या फांद्या तोडाले गेलती. हाताले धरलं." पोळ्याला आमच्याकडे दाराला पळसाच्या फांद्या लावतात.

"कितीक वाजता?"

"अकरा वाजले असन. वस्तीवर हाये ते. अडीच किलोमीटर. पांदनीनं जा लागते."

घोणसचं विष रक्तात भिनायला वेळ घेतं, पण थांबत नाही. दवाखाना सेवाग्रामला. वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं, मग ट्रकने पुढे. पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी मातीची वाट. ट्रक तिथे पहिल्या शंभर पावलांत बसला असता. कॅप्टन साहेब म्हणाले, "ढोले, जीप जाएगी?"

"जाएगी, साब."

"गो. हर पंद्रह मिनट में रिपोर्ट."

बारा बाराला निघालो. सुखराम चालवत होता, शेजारी रामदास वाट दाखवायला, मागे मी आणि रेडिओ सेट. जीप गेली, खोटं कशाला बोलू. दोन ठिकाणी पाणी बोनेटपर्यंत उडालं. एका जागी मागचं चाक रुतलं, आतून घुर्र झालं, आणि ती निघाली. सुखराम आरशातून माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बारा चाळीसला वस्तीवर पोचलो. चार घरं. चंद्रकलाबाई ओसरीवर आडवी होती. वय पस्तीसच्या आत-बाहेर. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, दंडाला कोणीतरी सुतळी करकचून बांधलेली. मी सुतळी हळूच सोडली, हाताला फळीचा आधार बांधला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती शुद्धीवर होती. नवऱ्याला म्हणाली, "बैलायले पानी पाजलं का?"

बारा पंचावन्नला तिला मागच्या बाकावर निजवलं. रामदास तिचे पाय धरून बसला, मी डोकं मांडीवर घेतलं. सेटवर बोललो.

"वन फॉर टू. पेशंट लोडेड. वापस आ रहे हैं. ओव्हर."

"टू. नाला बढ़ रहा है. जल्दी. ओव्हर."

निम्म्या वाटेवर पांदण पाण्याखाली गेलेली दिसली. मघाशी टायरभर होतं, आता खिडकीला लागेल इतकं. सुखरामने गाडी थांबवली. रामदास म्हणाला, नाल्याच्या पाळीवरून वाट आहे, बैलबंडी जाते. मी पाळ पाहिली. मातीची, जीप जाऊन वर हातभर उरेल एवढी रुंद. नाल्याकडे उतरती, वर ओलं गवत. उजवीकडे सात-आठ फूट खाली गढूळ पाणी.

सुखरामला सांगायला हवं हे मला त्याच क्षणी कळलं. खरं तर मीच चालवायला बसायला हवं होतं. पण तेवढ्यात बाईला उलटी झाली, रक्ताची, आणि मी तिचं डोकं वळवून धरलं. तोंडातून एवढंच निघालं, "सुखराम, धीरे."

"जी, उस्ताद."

आणि त्याने गाडी पाळीवर घातली. उलटीमुळे राहिलं असं मी कधी म्हणत नाही. सकाळी माझ्याकडे चार मिनिटं होती.

पहिले दोनशे मीटर नीट गेले. एक वाजून बारा मिनिटांनी, मी नुकताच रिपोर्टसाठी घड्याळ पाहत होतो, मागचं बूड उजवीकडे सरकलं. सुखरामने जे सांगितलं होतं तेच केलं. तो थांबला नाही, चालवत राहिला. दोन्ही चाकं एकदम फिरली. गाडी मागून पाण्याकडे जायला लागली.

"पैर हटा! पैर हटा!"

त्याने पाय काढला. इंजिन बंद पडलं. उजवं मागचं चाक पाळीच्या कडेबाहेर गेलं आणि जीप वाकडी होऊन थांबली.

"उस्ताद," सुखराम म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "हैंडब्रेक नहीं पकड़ रहा. पैर से पकड़ा है."

हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागचं एक चाक हवेत आणि एक गाऱ्यात. गाडी थांबली होती ती पुढच्या दोन चाकांवर, आणि पुढची चाकं थांबली होती ती त्याच्या पायावर. त्याची बाजू पाण्याची होती. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावरून डावीकडे उडी मारली असती तर तो वाचला असता. पाय निघताच गाडी आम्हा तिघांना घेऊन खाली गेली असती. हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"पहले इनको," तो म्हणाला.

डाव्या बाजूने रामदास आधी उतरला. मी बाईला खांद्यांनी उचलून बाहेर दिलं, मग मी उतरलो. प्रत्येक वेळी गाडी बोटभर सरकत होती. त्याचा उजवा पाय ब्रेकवर पूर्ण ताणलेला मला दिसला.

"दो मिनट, सुखराम. चाक को कुछ लगाता हूँ."

"लगाओ, उस्ताद. मैं यहीं हूँ."

बाईला पाळीच्या आतल्या बाजूला, वीस पावलांवर बांधाच्या उंचवट्यावर ठेवलं. मग चाकाला लावायला काहीतरी शोधायला लागलो. कोणत्याही घाटात हात घातला तर दगड मिळतो. वर्धेच्या काळ्या शेतात मुठीएवढा दगड मिळत नाही. मी याच मातीत जन्मलेला, आणि त्या मिनिटाला या मातीला मी शिवी दिली. रामदासने कुंपणाचा एक लाकडी खांब हलवून हलवून उपसला. आम्ही दोघं तो घेऊन धावलो. जीप आठ पावलांवर होती तेव्हा पाळ खचली.

आवाज फार मोठा झाला नाही. मातीचा एक तुकडा बसल्यासारखा खाली गेला, त्याबरोबर जीप उजव्या कुशीवर वळली आणि पाण्यात गेली. छत एकदा वर आलं. मग नाही. एक वाजून एकोणीस मिनिटं.

मी काठाने धावलो. हाका मारल्या. खांद्यावर अडकवलेला दोर कमरेला बांधून, दुसरं टोक रामदासच्या हातात देऊन पाण्यात उतरलो. पाण्याने पाय टिकू दिला नाही, रामदासने ओढून काढलं. पुन्हा उतरलो. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा रामदासने फक्त मागे बघितलं. उंचवट्यावर त्याची बायको बसायचा प्रयत्न करत होती आणि पडत होती.

मी सात मिनिटं शोधलं. घड्याळ पाहून. आठव्या मिनिटाला मी दोर सोडला. रामदासच्या शेल्याची आणि पावसासाठी मी अंगावर घेतलेल्या ग्राउंडशीटची झोळी केली, बाईला त्यात घातलं आणि चालायला लागलो. सेट जीपमध्ये गेला होता. किलोमीटरभर वाट होती. रामदास पुढे, मी मागे. तो रडत होता आणि चालत होता. मला रडू येत नव्हतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी ट्रकपाशी पोचलो. कॅप्टन साहेबांनी मागे पाहिलं.

"जीप?"

"गई, साब."

"सुखराम?"

मी सॅल्यूट केला. का केला, ठाऊक नाही. सुभेदार साहेबांनी माझ्या दंडाला धरून मला ट्रकच्या पायरीवर बसवलं. सकाळचा प्रश्न त्यांनी तेव्हा नाही विचारला, आणि नंतरही कधी नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

चंद्रकलाबाई पावणेचारला दवाखान्यात पोचली. अकरा दिवसांनी घरी गेली. सुखराम दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोमीटर खाली, बाभळीच्या मुळांत सापडला.

प्रल्हाद रजेवरून परतला तो सरळ वर्कशॉपमध्ये आला. कपाळावर पोळ्याचा गुलाल अजून होता. त्याने एकच विचारलं.

"पायीचं त्याले सांगतलं नोतं का, उस्ताद?" आमच्या बोलीत पायी म्हणजे पाळ.

"नाही."

त्याने मान हलवली आणि निघून गेला. मी निवृत्त होईपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला त्याचा राग आला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीला बाहेरून मेजर साहेब आले. नालाकाठची जमीन पाण्याने पोखरली गेली होती, अपघात, असं जवळजवळ ठरलेलंच होतं. माझी पाळी आली.

"आपने ड्रायव्हर को ब्रीफ किया था?"

"आधा किया था, साब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, वही दाखवली. त्यांनी ते लिहून घेतलं. मला शिक्षा झाली नाही. रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ आली, की असा डबा बसवलेल्या गाडीवर प्रत्येक ड्रायव्हरला आडव्या उताराचं प्रशिक्षण द्यावं. ती ओळ माझ्या वहीतलीच होती, तारखेसकट.

थंडीत मी रजा घेतली आणि सुखरामच्या गावी गेलो. बस सोडल्यावर दीड तासाचा चढ. बटाट्याची आणि राजम्याची शेती, दोन खोल्यांचं घर. आईने चहा दिला. वडिलांना वाटलं, मुलाच्या शौर्याबद्दल सांगायला फौजेतून कोणी आलंय. तेही मी सांगितलं. मग उरलेलं सांगितलं. सुभेदार साहेब उभे होते, चार पोरं ऐकत होती, मला लाज वाटली, म्हणून बोललो नाही. कमी-जास्त केलं नाही. आई मध्येच उठून आत गेली.

वडिलांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग विचारलं, "वो औरत?"

"बच गई."

"बताया होता, तो पैर उठा लेता?"

"उठा लेता. सीखने में सबसे तेज़ था."

त्या रात्री त्यांनी मला जेवायला घातलं, रजई दिली. सकाळी बसपर्यंत सोडायला आले. बस आली तेव्हा माझी पिशवी वर चढवून दिली.

"सच बताने आए, अच्छा किया," ते म्हणाले. "अब मत आना."

मी गेलो नाही. पत्रही नाही. माफी मागायला गेलेला माणूस मनात कुठेतरी माफी घेऊनच परतायचं ठरवून गेलेला असतो. ती मला मिळाली नाही, आणि देणं त्यांच्यावर बंधनकारकही नव्हतं.

आता नाचणगावात माझी शेड आहे. भाजीवाले, दूधवाले पिकअप आणि जीप घेऊन येतात. पांदणीत गाडी फसते, उस्ताद, तो प्लेटवाला डबा बसवून द्या. मी बसवून देतो. चांगली वस्तू आहे, काळ्या मातीत तिच्यासारखी दुसरी नाही. पण चावी देण्याची माझी एक पद्धत आहे आणि गिऱ्हाइकं तिच्यावर वैतागतात. परवाच एक जण हुज्जत घालत होता.

"गाडी तं मीच चालवतो ना, उस्ताद. बायकोले अन् भावाले काऊन बोलावून राह्यले?"

"तू तापानं पडला तं कोन चालवन?"

"भाऊ चालवन."

"मंग त्याले घेऊन येजो. अन् वहिनीले बी. नाईतर चावी भेटनार नाई."

बडबडत गेला, पण दोघांना घेऊन आला. जे जे ती गाडी चालवणार, त्या सगळ्यांना मी कालव्याजवळच्या मोकळ्या उतारावर नेतो. पाणी टाकतो. गाडी आडवी घालायला लावतो. बूड सरकलं की पाय काढायला लावतो, पाच-पाच वेळा. आधी खोट सांगतो, मग गुण.

मग त्यांना सुखरामचं सांगतो. लान्स नायक, ड्रायव्हर, वय सव्वीस. उडी मारली असती तर वाचला असता. मागे एक बाई होती म्हणून त्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही. आणि तो तिथे का अडकला, तेही सांगतो, कोणाच्या चुकीने, कोणासमोर लाज वाटली म्हणून. लोक चुळबुळतात, कोणाला बाजार गाठायचा असतो, कोणाचा फोन वाजतो. फोन संपेपर्यंत मी थांबतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो.